ब्लॅक होलभोवतीची तबकडी फोटोत दिसतच नाही, मग शास्त्रज्ञांनी तिचा आकार मोजला तरी कसा?

फेब्रुवारी २०१४. हबल दुर्बिणीला एक काम लावून देण्यात आलं. रोज एकाच दीर्घिकेकडे बघायचं. उद्या पुन्हा तिथेच, परवा पुन्हा तिथेच. हे जुलैपर्यंत, म्हणजे जवळपास सहा महिने चाललं.

हबलचा वेळ मिळवणं सोपं नसतं. जगभरातले खगोलशास्त्रज्ञ त्यासाठी अर्ज करतात आणि बहुतेकांच्या पदरी नकार येतो. मग एवढी मोठी दुर्बीण रोज एकाच ठिकाणी रोखून ठेवण्यात काय अर्थ होता?

अर्थ होता. या वेळी शास्त्रज्ञांना सुंदर फोटो नको होता, त्यांना वेळ मोजायची होती. त्या दीर्घिकेच्या मधोमध असलेल्या ब्लॅक होलभोवती तापलेल्या वायूची एक तबकडी फिरते. तिचा प्रकाश कमी-जास्त होत राहतो. हा चढउतार निळ्या रंगात आधी दिसतो आणि लाल रंगात थोड्या उशिराने. या उशिरातूनच तबकडी किती मोठी आहे ते काढायचं होतं.

उत्तर मिळालं. पण ते १९७३ पासून वापरात असलेल्या सिद्धांताच्या उत्तरापेक्षा सुमारे तिप्पट निघालं. आता यात चूक कुणाची, सिद्धांताची की मोजपट्टीची? हा वाद अजून मिटलेला नाही. विषय नेमका काय आहे, ते सुरुवातीपासून समजून घेऊया.

सक्रिय दीर्घिका म्हणजे काय?

दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी अब्जावधी ताऱ्यांची वस्ती. जवळपास प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या केंद्रात एक महाकाय ब्लॅक होल, म्हणजेच कृष्णविवर असतं. आपल्याही आहे. पण आपलं सध्या शांत आहे, त्याच्या वाट्याला फार थोडा वायू येतोय.

काही दीर्घिकांमध्ये मात्र केंद्राकडे भरपूर वायू ओढला जात असतो. अशा दीर्घिकांचं केंद्र इतकं तेजस्वी होतं की कधीकधी बाकीच्या सगळ्या ताऱ्यांचा मिळून प्रकाशही त्यापुढे फिका पडतो. यांनाच सक्रिय दीर्घिका म्हणतात. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेफर्ट यांनी १९४३ साली अशा काही दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणून त्यातल्या एका प्रकाराला आजही सेफर्ट दीर्घिका असं नाव आहे. यांचेच जास्त तेजस्वी भाऊबंद म्हणजे क्वेसार.

हबलने ज्या दीर्घिकेवर नजर ठेवली ती होती एनजीसी ५५४८. ही सेफर्ट दीर्घिका आपल्यापासून सुमारे २४.५ कोटी प्रकाशवर्षं लांब आहे. उन्हाळ्यातल्या रात्री आकाशात नारिंगी रंगाचा स्वाती तारा दिसतो ना, त्याच्या उत्तरेला, हात लांब करून धरलेल्या तीन-चार बोटांएवढ्या अंतरावर ही दीर्घिका आहे. नुसत्या डोळ्यांनी ती दिसत नाही. तिच्या केंद्रातल्या कृष्णविवराचं वस्तुमान सुमारे ५ कोटी सूर्यांएवढं मानलं जातं.

पण ब्लॅक होल तर काळं असतं, मग प्रकाश कुठून येतो?

प्रकाश ब्लॅक होलमधून येत नाही. तो येतो आत पडण्याआधी, वाटेत.

केंद्राकडे ओढला जाणारा वायू सरळ आत पडत नाही. त्याला आधीपासून थोडी फिरकी असते, त्यामुळे तो गोल गोल फिरत सपाट तबकडी तयार करतो. हीच ॲक्रिशन डिस्क. आतला वायू वेगाने फिरतो, बाहेरचा हळू. थर एकमेकांवर घासतात, वायू तापतो, चमकतो आणि हळूहळू आत सरकतो.

ऊर्जा तयार करण्याची ही पद्धत भलतीच कार्यक्षम आहे. सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाच्या जेमतेम ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. अशा तबकडीत हे प्रमाण साधारण १० टक्क्यांपर्यंत जातं.

आता मुद्द्याची गोष्ट. तबकडी सगळीकडे सारखी तापलेली नसते. लोहाराच्या भट्टीतून काढलेली सळई आठवा. जिथे सगळ्यात जास्त तापलेली असते तिथे ती पांढरट दिसते, आणि मुठीच्या बाजूला येता येता पिवळी, नारिंगी, मग गडद लाल होत जाते. तबकडीचंही तसंच. आतला भाग प्रचंड गरम, तिथून मुख्यतः अतिनील प्रकाश येतो. त्याच्या बाहेर निळा. आणखी बाहेर लाल आणि अवरक्त.

१९७३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय शाकुरा आणि रशीद सुन्याएव यांनी या तबकडीचं गणित मांडलं. त्यानुसार केंद्रापासूनचं अंतर दुप्पट केलं की तापमान साधारण ६० टक्क्यांवर येतं. म्हणजे रंग सांगितला की अंतर सांगता येतं. निळा प्रकाश इतक्या अंतरावरून, लाल प्रकाश तितक्या अंतरावरून. हे गणित आज कृष्णविवरांच्या अभ्यासात सगळीकडे वापरलं जातं. म्हणूनच ते प्रत्यक्षात तपासून बघणं महत्त्वाचं होतं.

मग सरळ फोटो का काढत नाहीत?

कारण तबकडी आपल्या दृष्टीने फारच छोटी आहे.

प्रकाश एका दिवसात जेवढा प्रवास करतो त्याला प्रकाश-दिवस म्हणतात. हे अंतर सुमारे २,५९० कोटी किलोमीटर होतं. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत पोहोचायला प्रकाशाला साधारण चार तास लागतात, म्हणजे त्याच्या सहापट. एनजीसी ५५४८ मधली तबकडी याच मापाच्या आसपासची आहे.

ऐकायला हे अवाढव्य वाटतं. पण २४.५ कोटी प्रकाशवर्षांवरून एक प्रकाश-दिवस रुंदीची वस्तू किती मोठी दिसेल? चंद्रावर ठेवलेला ज्वारीचा एक दाणा पृथ्वीवरून दिसेल तेवढी. हबलला हे जमणं शक्य नाही. २०१९ मध्ये एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं ते गाजलेलं चित्र देणाऱ्या इव्हेंट होरायझन टेलिस्कोपलाही यापेक्षा साधारण दहापट मोठ्या गोष्टीच वेगळ्या ओळखता येतात.

थोडक्यात, दुर्बिणीतून ही सगळी तबकडी म्हणजे प्रकाशाचा एक ठिपका. ठिपक्याचा आकार कसा मोजणार? इथे घड्याळ कामाला येतं.

ठिपका लुकलुकतो, हाच सुगावा

१९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी ३सी २७३ या क्वेसारचं अंतर शोधलं. तो तारा नसून खूप दूरची, अतितेजस्वी वस्तू निघाली. त्याच वर्षी हार्लन स्मिथ आणि डॉरिट हॉफलाइट यांनी हार्वर्ड वेधशाळेतल्या जुन्या काचेच्या फोटो-प्लेट बाहेर काढून तपासल्या. त्यात दिसलं की या वस्तूचा प्रकाश कमी-जास्त होत आलाय.

यातून एक मोठी गोष्ट लक्षात आली. समजा, किलोमीटरभर लांब रांगेत उभ्या असलेल्या ढोल पथकाने एकाच क्षणी टोला मारला. रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला तो टोला एकदम ऐकू येणार नाही. जवळच्या ढोलाचा आवाज लगेच येईल, शेवटच्या ढोलाचा तीन सेकंदांनी. टोला पसरट होईल. प्रकाशाचंही असंच आहे. एखादी वस्तू काही दिवसांत लक्षणीय उजळत असेल, तर ती प्रकाशाला ओलांडायला काही दिवस लागतील त्यापेक्षा फार मोठी असू शकत नाही. अख्ख्या दीर्घिकेला झाकोळून टाकणारा प्रकाश, आणि तो एवढ्याशा जागेतून! १९६९ मध्ये डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी दीर्घिकांच्या केंद्रात महाकाय कृष्णविवरं असावीत आणि त्यांच्याभोवती वायूच्या तबकड्या असाव्यात असं मांडलं, त्यामागे हा विचारही होता.

पण यातून फक्त कमाल मर्यादा कळते, खरा आकार नाही. त्यासाठी पुढची युक्ती लागली.

प्रकाशाचा प्रतिध्वनी

घाटात उभं राहून हाक मारली की समोरच्या कड्यावरून ती परत येते. हाक आणि प्रतिध्वनी यांच्यातला वेळ मोजला की कडा किती लांब आहे ते कळतं. १९८२ मध्ये रॉजर ब्लँडफर्ड आणि ख्रिस्तोफर मकी यांनी सक्रिय दीर्घिकांसाठी याच कल्पनेचं गणित बसवलं.

तबकडीच्या बाबतीत चित्र असं मानलं जातं. केंद्राजवळ, तबकडीच्या थोडं वर, अतिशय गरम कणांचा एक ढग असतो. त्यातून क्ष-किरण निघतात. हा ढग म्हणजे तबकडीवर टांगलेला दिवा समजा. दिवा भडकला की त्याचा झोत आधी तबकडीच्या आतल्या भागावर पडतो. तो भाग थोडा जास्त तापतो आणि अतिनील प्रकाश वाढतो. तोच झोत काही तासांनी आणखी बाहेर पोहोचतो, तेव्हा निळा प्रकाश वाढतो. मग त्यानंतर लाल.

इथे कुणी विचारेल, हा निरोप वायूच पुढे नेत नसेल कशावरून? कारण वायू फार मंद आहे. तबकडीतून वायू सरकायला लागणारा वेळ वर्षांत, कधी हजारो वर्षांत मोजावा लागतो. शिवाय तो बाहेरून आत सरकतो, त्यामुळे बदल आधी लाल रंगात आणि मग निळ्यात दिसायला हवा. काही तासांत किंवा दिवसांत दिसणारा निरोप उलट दिशेने, आतून बाहेर जातो. एवढ्या वेगाने निरोप नेणारा एकच, तो म्हणजे प्रकाश.

म्हणजे अतिनील आणि लाल प्रकाशातला उशीर म्हणजे थेट अंतर. शाकुरा-सुन्याएव यांच्या गणितातून पुढे असंही निघतं की तरंगलांबी दुप्पट केली तर उशीर साधारण अडीचपट व्हायला हवा. भाकीत तयार, आता मोजायचं.

मोजतात कसं?

सांगायला सोपं, करायला किचकट. ढोबळमानाने काम असं चालतं.

पहिलं, वेगवेगळ्या रंगांचे फिल्टर लावून त्याच ठिपक्याचे फोटो घ्यायचे. रोज, शक्य तर दिवसातून दोनदा. उशीर काही तासांचा असेल आणि फोटो आठवड्यातून एकदा घेतला, तर हाती काहीच लागत नाही.

दुसरं, ठिपक्याचं तेज त्याच फोटोतल्या शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून बघायचं. आकाशात विरळ ढग आला तर दीर्घिका मंद दिसेल, पण शेजारचे तारेही तेवढेच मंद दिसतील. दोघांचं गुणोत्तर काढलं की ढगाचा परिणाम बराचसा निघून जातो.

तिसरं, ठिपक्याभोवती अख्खी दीर्घिका आहे, तिच्या ताऱ्यांचा प्रकाशही फोटोत येतो. तो बदलत नाही, पण मोजमापात भर घालतो. हवा थरथरत असेल त्या रात्री प्रतिमा पसरते आणि या ताऱ्यांचा वाटा कमी-जास्त होतो. म्हणून प्रत्येक फोटोत ठरावीक मापाच्या वर्तुळातलाच प्रकाश मोजायचा, ही शिस्त पाळावी लागते.

चौथं, दहा दुर्बिणी असतील तर दहा कॅमेरे, दहा प्रकारचे फिल्टर. सगळ्यांचे आकडे एका मापावर आणावे लागतात. नाहीतर दीर्घिका उजळली की फक्त दुर्बीण बदलली, हेच कळणार नाही.

हे सगळं झालं की प्रत्येक रंगाचा एक आलेख मिळतो. आडव्या अक्षावर तारीख, उभ्या अक्षावर तेज. याला प्रकाशवक्र म्हणतात.

दोन आलेखांमधला उशीर कसा काढायचा?

पावसाळ्यात कोयना धरणातून पाणी सोडलं की सांगलीकरांचं लक्ष आयर्विन पुलाच्या पाणीपातळीकडे लागतं. विसर्ग वाढला म्हणून पातळी त्याच मिनिटाला वाढत नाही. पाणी कराडला कृष्णेला मिळून खाली यायला वेळ घेतं. समजा, तुमच्याकडे धरणाच्या विसर्गाचा आणि पुलाच्या पातळीचा असे दोन आलेख आहेत. दुसरा आलेख थोडा थोडा मागे सरकवत पहिल्यावर ठेवून बघा. ज्या जागी दोघांचे चढउतार सगळ्यात छान जुळतात, तेवढा उशीर.

खगोलशास्त्रज्ञ नेमकं हेच करतात, फक्त आलेख हाताने न सरकवता संगणकाने सरकवतात. आणखी एक साम्य आहे. धरणाजवळचा टोकदार चढ खाली येईपर्यंत पसरट होतो. तसंच अतिनील आलेखातले चढउतार मोठे आणि टोकदार असतात, तर लाल प्रकाशातले लहान आणि मऊ. कारण लाल प्रकाश मोठ्या परिसरातून येतो आणि त्या परिसराच्या प्रत्येक भागाचा उशीर वेगळा असतो.

मिळालेलं उत्तर योगायोग तर नाही ना? ते तपासायला संगणक नोंदींमधल्या काही मुद्दाम गाळतो, उरलेल्या चुकीच्या मर्यादेत थोड्या वरखाली करतो आणि पुन्हा उशीर काढतो. हे शेकडो-हजारो वेळा करायचं. दरवेळी जवळपास तेच उत्तर आलं तर त्यावर विश्वास ठेवायचा.

२०१४ ची मोठी मोहीम

एनजीसी ५५४८ वर असा प्रयत्न आधीही झाला होता. १९८९ मध्ये आययूई या अंतराळ दुर्बिणीने काही महिने, साधारण दर चार दिवसांनी तिच्या नोंदी घेतल्या. अतिनील आणि दृश्य प्रकाश जवळपास बरोबरच बदलताना दिसले. उशीर असलाच तर तो चार दिवसांच्या फटीत निसटून जाण्याएवढा लहान होता.

२०१४ ची मोहीम ही फट बुजवण्यासाठीच होती. ओहायो स्टेट विद्यापीठाचे ब्रॅडली पीटरसन यांच्या नेतृत्वाखालच्या या मोहिमेचं नाव एजीएन स्टॉर्म. हबल रोज एकदा अतिनील प्रकाश बघत होती. नासाची स्विफ्ट दुर्बीण चार महिने साधारण दर अर्ध्या दिवसाने क्ष-किरण, अतिनील आणि दृश्य प्रकाश मोजत होती. जमिनीवरून डझनाहून जास्त वेधशाळा नऊ वेगवेगळ्या फिल्टरमधून जवळपास रोज नोंदी घेत होत्या.

आणि उशीर सापडला. अगदी स्पष्ट. अतिनील आधी, मग निळा, मग हिरवा, मग लाल. तरंगलांबी वाढेल तसा तो काही तासांपासून काही दिवसांपर्यंत वाढत गेला. वाढण्याची पद्धतही साधारण १९७३ च्या गणितासारखीच होती.

इथपर्यंत सगळं छान. गडबड पुढे आहे.

तिप्पट मोठी तबकडी

उशिराचं अंतरात रूपांतर केल्यावर दूर-अतिनील प्रकाश देणाऱ्या भागाची त्रिज्या सुमारे ०.३५ प्रकाश-दिवस निघाली, म्हणजे प्रकाशाला आठ-साडेआठ तास लागतील एवढी. कृष्णविवराचं वस्तुमान आणि तेज लक्षात घेता सिद्धांताने दिलेली त्रिज्या याच्या सुमारे एक तृतीयांश होती.

तिप्पट ही किरकोळ चूक नाही. तबकडी खरंच एवढी मोठी असेल, तर तेवढ्या पृष्ठभागातून तिने जास्त प्रकाश द्यायला हवा. तो तर दिसत नाही. मग गणित बरोबर कसं?

बरं, ही एकट्या एनजीसी ५५४८ ची गोष्ट नाही. नंतर इतर सक्रिय दीर्घिकांवर अशाच मोहिमा झाल्या आणि बऱ्याच ठिकाणी उशीर अपेक्षेपेक्षा जास्तच निघाला. मग संशयितांची यादी तयार झाली.

संशयित पहिला: आजूबाजूचे वायूचे ढग

तबकडीच्या बाहेर, प्रकाशाला पोहोचायला काही दिवस ते काही आठवडे लागतील अशा अंतरावर, वेगाने फिरणारे वायूचे ढग असतात. केंद्राचा प्रकाश पडला की तेही चमकतात, पण अर्थातच जास्त उशिराने. त्यांचा प्रकाश त्याच फिल्टरमधून, त्याच ठिपक्यात येतो.

पुन्हा नदीकडे बघा. धरणातून निघालेल्या पाण्यातलं थोडं पाणी लांबच्या वाटेने, एखाद्या तळ्यातून फिरून पुलाखाली आलं, तर काय होईल? पुलावरचा आलेख उशिराकडे झुकेल. नदी आहे त्यापेक्षा लांब वाटेल. मोजणी चुकलेली नाही, पण जे मोजलं ती फक्त नदी नव्हती.

या संशयिताविरुद्ध पुरावाही भक्कम आहे. हायड्रोजन वायू ३६४.६ नॅनोमीटरच्या अलीकडे, म्हणजे अतिनील आणि दृश्य प्रकाशाच्या सीमेवर, भरपूर प्रकाश देतो. नेमक्या याच पट्ट्यात उशीर रेषेच्या वर उडी मारताना दिसला. २०१६ मध्ये हबलने एनजीसी ४५९३ या दुसऱ्या सक्रिय दीर्घिकेचा प्रकाश बारीक तुकड्यांत फोडून बघितला, तर उडी बरोबर तिथेच. नुसत्या तबकडीला अशी उडी मारण्याचं कारण नाही. म्हणजे ढगांची भेसळ नक्की आहे. वाद आहे तो एवढाच की तिप्पट फरकापैकी किती वाटा ढगांचा.

संशयित दुसरा: दिव्याची उंची

काही संशोधकांचं म्हणणं असं की तबकडी ठीक आहे, आपण दिवा चुकीच्या जागी टांगलाय. क्ष-किरणांचा ढग तबकडीपासून बराच उंच असेल, आणि कृष्णविवराजवळ प्रकाश कसा वळतो हेही नीट हिशोबात घेतलं, तर मोजलेले उशीर नेहमीच्या तबकडीतूनही मिळू शकतात.

पण दिव्याच्या या चित्रात एक खोट आहे. क्ष-किरण जर खरंच तबकडीला तापवत असतील, तर त्यांचे आणि अतिनील प्रकाशाचे चढउतार चांगले जुळायला हवेत. स्विफ्टच्या मोहिमांमध्ये अतिनील आणि दृश्य प्रकाश एकमेकांशी सुरेख जुळले, पण क्ष-किरणांचा मेळ मात्र कच्चाच बसला.

त्यात भर म्हणून २०१४ च्या मोहिमेत आणखी एक विचित्र गोष्ट घडली. मधले साधारण दोन महिने बाहेरच्या ढगांनी केंद्राच्या चढउतारांना नेहमीसारखा प्रतिसाद देणंच सोडून दिलं. शास्त्रज्ञांनी याला गमतीने ढगांची सुट्टी म्हटलं. दिवा आणि ढग यांच्यामध्ये काहीतरी आडवं आलं असावं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

संशयित तिसरा: सिद्धांतच

सगळा दोष ढगांवर ढकलून मोकळं होता येईल का? तसंही नाही. तबकडी मोजण्याची एक पूर्णपणे वेगळी रीत आहे. दूरच्या क्वेसारच्या समोर मध्येच एखादी दीर्घिका आली, तर तिच्यातले तारे भिंगासारखं काम करतात आणि क्वेसारचा प्रकाश वाढवतात. तबकडी जितकी लहान, तितका हा परिणाम ठळक. या रीतीत उशीर मोजायचाच नसतो. तरीही त्यातून तबकड्या सिद्धांतापेक्षा मोठ्याच निघाल्या आहेत.

दोन वेगळे साक्षीदार एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर दुर्लक्ष करता येत नाही. म्हणून तबकडी सपाट आणि गुळगुळीत नसून तिच्यात कमी-जास्त तापलेले पट्टे असतील का, तिच्यावरून वारा सुटून वस्तुमान बाहेर जात असेल का, अशा शक्यताही तपासल्या जात आहेत.

याने आपल्याला काय फरक पडतो?

तबकडी म्हणजे कृष्णविवराचा घास. तो किती मोठा आणि किती वेगाने गिळला जातो, यावरून कृष्णविवर किती लवकर वाढलं याचा हिशोब लागतो. विश्व अगदी लहान असताना अब्जावधी सूर्यांएवढी कृष्णविवरं कशी तयार झाली, या प्रश्नाचं उत्तर शोधतानाही तबकडीचं गणित वापरलं जातं. पायाच तिप्पट चुकत असेल तर त्यावरचे मजले पुन्हा तपासावे लागतील.

दुसरं म्हणजे अंतर. तबकडीचा खरा आकार आणि तापमान कळलं तर तिचं खरं तेज काढता येतं. ते दिसणाऱ्या तेजाशी ताडलं की दीर्घिकेचं अंतर मिळतं, आणि त्यातून विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय ते. कल्पना चांगली आहे, पण उशिरात ढगांची भेसळ किती हे कळल्याशिवाय हे अंतर विश्वासार्ह होणार नाही.

भारताचा यात काही हात?

आहे. २८ सप्टेंबर २०१५ ला इस्रोने सोडलेला ॲस्ट्रोसॅट उपग्रह अतिनील आणि क्ष-किरण एकाच वेळी बघण्यासाठीच बनवला गेला. त्याच्या क्ष-किरण उपकरणांमध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता. अतिनील दुर्बीण बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने पुण्याच्या आयुकासह इतर संस्थांच्या सहकार्याने तयार केली. आयुकातल्या संशोधकांनी या उपग्रहाच्या नोंदी वापरून सक्रिय दीर्घिकांच्या तबकड्यांचा अभ्यास केला आहे. या दुर्बिणीची प्रतिमा रेखीव असल्याने केंद्राचा प्रकाश आजूबाजूच्या ताऱ्यांच्या प्रकाशापासून वेगळा काढणं सोपं जातं.

शिवाय भारताची जागाही मोक्याची आहे. अमेरिकेतल्या दुर्बिणींवर दिवस उगवतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते. आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ७० सेंटीमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण लडाखमधल्या हान्ले इथे आहे, आणि ती बदलत्या आकाशावर नजर ठेवण्यासाठीच उभारली गेली. उशीर तासांत मोजायचा असेल तर आलेखातली अशी प्रत्येक फट बुजवणं मोलाचं ठरतं.

पुढे काय?

आतापर्यंत एवढ्या बारकाईने तपासलेल्या दीर्घिका मोजक्याच आहेत. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेमुळे हे चित्र बदलू शकतं. ८.४ मीटरचा आरसा आणि ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेल्या या वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली चित्रं दाखवली. दक्षिणेकडचं आकाश सहा फिल्टरमधून दहा वर्षं पुन्हा पुन्हा टिपण्याचं काम तिच्याकडे आहे. आकाशाचे काही निवडक तुकडे ती जास्त वेळा बघणार आहे, आणि तिथल्या सक्रिय दीर्घिकांचे प्रकाशवक्र तबकड्या मोजायला उपयोगी पडतील.

तर आज हिशोब असा आहे. उशीर खरा आहे, तो वारंवार आणि वेगवेगळ्या दुर्बिणींनी मोजला गेलाय. निळा आधी आणि लाल नंतर, हा क्रमही पक्का आहे. त्या उशिरात ढगांचा वाटा आहे, हेही आता बहुतेक जण मान्य करतात. घड्याळ बरोबरच चालतंय. ते तबकडीची वेळ दाखवतंय की तबकडी आणि ढग दोघांची मिळून, एवढंच वेगळं काढायचं राहिलंय. ते जमलं की तबकडी खरंच तिप्पट आहे की नाही, हेही कळेल.